पेनड्राइव्ह खराब नाही, फॉरमॅट बघा

३२ जीबीचा पेनड्राइव्ह रिकामा असूनही टीव्हीवर बघायचा ६ जीबीचा सिनेमा त्यात जात नाही, असा प्रश्न आलाय आणि काहींनी पेनड्राइव्ह बदलायला सांगितलंय. एवढी घाई नको. विंडोजच्या 'धिस पीसी'मध्ये (जुन्या विंडोजमध्ये 'माय कॉम्प्युटर') ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. फाइल सिस्टीमपुढे (म्हणजे ड्राइव्हवर फाइली साठवायची पद्धत) फॅट३२ दिसलं की चोर सापडला. त्यात एका फाइलची मर्यादा ४ जीबी. जागा कितीही मोकळी असो.

आधी आतला डेटा दुसरीकडे काढून ठेवा, मग फॉरमॅट करताना एक्सफॅट किंवा एनटीएफएस या दुसऱ्या पद्धतींपैकी एक निवडा. कुठलं, ते टीव्हीवर ठरतं. जुने टीव्ही बऱ्याचदा एक्सफॅट ओळखतच नाहीत, तिथे एनटीएफएस चालून जातं. मॅकवर मात्र एनटीएफएस ड्राइव्ह वाचता येतो, त्यावर लिहिता येत नाही. टीव्हीला फक्त फॅट३२च कळत असेल, तर एमकेव्हीटूलनिक्स या व्हिडिओ फाइल कापायच्या-जोडायच्या प्रोग्रॅममध्ये फाइलचे ३ जीबीचे तुकडे करा. फुकट आहे आणि दर्जा तसूभरही कमी होत नाही, कारण ते पुन्हा एन्कोड करत नाही, म्हणजे व्हिडिओ नव्याने दाबून साठवत नाही.

टीव्हीवर चित्र दिसतं पण आवाज नाही, हे दुखणं वेगळं. कॉम्प्युटरवर व्हीएलसी प्लेअरमध्ये टूल्समधून कोडेक इन्फर्मेशन उघडा. ऑडिओ डीटीएस या प्रकारचा असेल तर अनेक टीव्ही मुकेच राहतात. हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या प्रोग्रॅमच्या वाटेला जाऊ नका, ते व्हिडिओही नव्याने एन्कोड करत बसतं. एफएफएमपेग या प्रोग्रॅमने व्हिडिओ जसाच्या तसा कॉपी करून फक्त ऑडिओ एसी३ या प्रकारात बदला, ६४० केबीपीएस पुरे.

आणि कॉपी संपल्याबरोबर पेनड्राइव्ह उपटू नका, आधी इजेक्ट करा.