विषय: ४०० पौंडांची बंद सुझुकी घेऊ का?

प्रेषक: स्लाऊचा पुणेकर

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या वर्गणीच्या धामधुमीत हा प्रश्न इथे टाकावा की नाही, असं दोन दिवस चाललं होतं. पण मागच्या महिन्यात याच मेल-यादीवर कोणीतरी चकलीचा सोऱ्या विकला, तेव्हा मोटरसायकलही खपून जाईल असं वाटतं.

मी राहायला स्लाऊला, काम हीथ्रोला कार्गोत. शिफ्ट पहाटे साडेचारची. बस चुकली की टॅक्सीला पंचवीस पौंड जातात, आणि ती आठवड्यातून एकदा तरी चुकतेच. आमच्या गल्लीच्या टोकाला एकजण १९९९ची सुझुकी जीएस ५०० विकतोय, ४०० पौंडांना. म्हणतो, दोन वर्षं शेडमध्ये उभी आहे, उभी केली तेव्हा चालू होती, फक्त कार्बोरेटर साफ करायचाय. एमओटी (गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याची वार्षिक तपासणी) संपलंय. लॉगबुक (इथलं आरसी बुक) आहे म्हणाला.

पुण्यात माझ्याकडे पल्सर होती. ऑइल बदलणं आणि चेन ताणणं, एवढंच मला येतं. लायसन्स भारतातलं, इथे येऊन आठ महिने झाले. घेऊ का?

---

प्रेषक: रीडिंगचे कोल्हापूरकर काका

पुणेकर,

आधी सगळ्यांना विनंती: कोंबडी-मसाल्याची म्हण कोणी काढू नका, मला ती घरी नियमित ऐकायला मिळते.

'उभी केली तेव्हा चालू होती' हे वाक्य प्रत्येक बंद गाडीबरोबर फुकट मिळतं. मग उभी का केली, हे विचारलंस का?

मी ८९ साली कोल्हापुरात अशीच एक येझदी घेतली होती, अकराशे रुपयांना. पिस्टन जॅम. प्लगच्या भोकातून रॉकेल ओतून रात्रभर ठेवली आणि सकाळी अख्खा किकवर उभा राहिलो, तरी दांडा हलेना. (येझदीला किक आणि गिअर एकाच दांड्यावर. वाकला असता तर दोन्ही गेलं असतं.) शेवटी हातगाड्यावर घालून उद्यमनगरात नेली. लेथवर सिलिंडर बोअर केला, ओव्हरसाइज पिस्टन बसवला, आणि मिस्त्रीची मजुरी त्या पिस्टनच्या किमतीपेक्षा कमी झाली. बिघडलेली गाडी तिथे परवडायची ती त्या मिस्त्रीच्या जिवावर. इथे सगळं उलटं. पार्ट दोन दिवसांत दारात येतो, आणि बसवणारा माणूस तासाला साठ-सत्तर पौंड मागतो. तेव्हा ४०० पौंडांच्या वर तुझे किती शनिवार-रविवार जाणार, ते आधी मोज.

गाडी म्हणून जीएस वाईट नाही. हवेवर थंड होणारं ४८७ सीसीचं दोन सिलिंडरांचं इंजिन, रेडिएटरची भानगड नाही. पण कार्बोरेटर दोन आहेत, आणि त्यातल्या पायलट जेटचं (कमी वेगाला पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळीचं) भोक सुईच्या टोकाएवढं असतं. पेट्रोल वर्ष-दोन वर्षं पडून राहिलं की त्याची चिकट राळ होते आणि ते भोक बुजतं. २०२१पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं. बाहेरून स्प्रे मारून हे निघत नाही, खोलावंच लागतं. आणि त्या स्क्रूंची खाच जपानी मापाची असते. साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर लावलास की डोकं गोल होतं, मग ड्रिल मारत बसायचं. त्याच्या गाडीच्या कार्बोरेटरचे स्क्रू बघ. गोल झालेले असतील तर आधी कोणीतरी 'साफ' करून हात टेकलेत.

बघायला जाशील तेव्हा टॉर्च घेऊन जा. टाकीचं झाकण उघडून आधी वास घे, मग आत बघ. तांबूस दिसलं तर नुसता कार्बोरेटर साफ करून काही होणार नाही, तो गंज पुन्हा तिथेच उतरतो. सर्वात वरच्या गिअरमध्ये टाकून, क्लच न दाबता गाडी मागेपुढे ढकल. जोर लावल्यावर इंजिन फिरलं तर जॅम नाही. मागच्या स्प्रॉकेटवर (चेनच्या दातेरी चाकावर) चेन बोटांनी मागे ओढ, अर्धा दात उघडा पडला तर सेटच बदलायचा. पुढच्या फोर्कवर तेलाचा ओघळ आहे का? आणि टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१४ म्हणजे २०१४चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शाबूत असली तरी दहा वर्षांच्या टायरवर पहाटेच्या ओल्या रस्त्यावर मी तरी बसणार नाही.

माझा अंदाज: टायर बसवून २००, चेन-स्प्रॉकेट १००, बॅटरी ४०, कार्बोरेटरची रबरं-गॅस्केटं ५०, ऑइल-फिल्टर-प्लग ५०, ब्रेक पॅड ४०. एमओटीची फी जास्तीत जास्त २९.६५. म्हणजे गाडीच्या किमतीपेक्षा जास्त, तेही सगळं हाताने केलंस तर. रेग्युलेटर (बॅटरीचं चार्जिंग आवाक्यात ठेवतो तो) गेला असला तर तो वेगळा. गाडी चालू असताना बॅटरीवर साडेतेरा-चौदा व्होल्ट दिसले पाहिजेत, पण बंद गाडीत ते तपासणार कसं?

---

प्रेषक: हॅरोची ताई

काका, तुम्ही इंजिन उघडलंत, पण रस्ता राहिला.

हीथ्रो लंडनच्या हिलिंग्डन बरोमध्ये (पालिका विभागात) येतं. २९ ऑगस्ट २०२३पासून लंडनचे सगळे बरो यूलेझमध्ये (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना रोज शुल्क लागतं त्या पट्ट्यात) आहेत. मोटरसायकल युरो ३ची (धुराच्या त्या युरोपीय मानकाची) लागते, म्हणजे साधारण जुलै २००७नंतर नोंदलेली. ९९ची गाडी असेल तर दिवसाला साडेबारा पौंड. वीस दिवसांचे २५०. दोन महिन्यांत गाडीच्या किमतीहून जास्त पैसे नुसते या शुल्कात. टीएफएलच्या (लंडनच्या वाहतूक खात्याच्या) साइटवर नंबर टाक, लगेच कळेल. जुन्या गाडीची चाचणी करून नायट्रोजन ऑक्साइड किलोमीटरला ०.१५ ग्रॅमच्या आत दाखवता आले तर सूट मिळते, आणि काही कार्बोरेटरच्या गाड्या त्यात बसतातही. पण त्यासाठी ती आधी नीट चालू व्हायला हवी.

दुसरं, लायसन्स. भारतातल्या लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून बारा महिनेच चालवता येतं, आणि ते बदलून मिळत नाही. तुझे चार महिने उरलेत. त्यातले तीन ती दुरुस्त करण्यात जातील. मग प्रोव्हिजनल (शिकाऊ लायसन्स), सीबीटी (मोटरसायकलचं सक्तीचं प्राथमिक प्रशिक्षण), आणि एलची पाटी लावून १२५ सीसी. ५००ला हात लावायचा तर थिअरी आणि प्रात्यक्षिक परीक्षेची दोन्ही मॉड्यूल पास व्हायला हवीत. मी स्वतः मॉड्यूल एकमध्ये पहिल्यांदा नापास झाले, यू-टर्नला पाय टेकला म्हणून. वीस वर्षं नाशिकमध्ये गाडी चालवून!

आणि एमओटीचा इतिहास सरकारी साइटवर फुकट बघता येतो. मालकाशी बोलण्याआधी तो वाच.

---

प्रेषक: स्लाऊचा पुणेकर

ताई, काका, काल संध्याकाळी बघून आलो.

आधी इतिहास वाचला. शेवटचं एमओटी २०२०चं. त्यात फोर्कचं सील गळतंय आणि मागचा टायर संपत आलाय, असा शेरा. म्हणजे 'दोन वर्षं' कुठून आली? विचारलं तर म्हणाला, "मी घेतल्याला दोन वर्षं झाली." त्याने ती चालू अशी कधी पाहिलीच नव्हती! लॉगबुकवर नाव अजून आधीच्याचंच.

टाकी उघडली, तर दिवाळीआधी घरी दारं-खिडक्या रंगवायचे तेव्हाचा वास आला. आत तळाला चहाच्या गाळासारखं काहीतरी. टायरवर ०९१३. वरच्या गिअरमध्ये ढकलली तर इंजिन फिरलं, तेवढं मात्र छान वाटलं. खरं सांगतो, लाल टाकीवर हात फिरवला आणि क्षणभर सगळा हिशेब विसरलो. मग खाली वाकून स्क्रू बघितले. चारपैकी तीन गोल. चौथा नव्हताच.

मी नाही म्हणालो. तो ३०० वर आला, मी निघालो तेव्हा २५० वर. पुढच्या शनिवारी सीबीटी बुक केलंय. २०१५ नंतरची एखादी १२५ बघतोय, बजेट हजार-बाराशे. मोटरवेवर जाता येणार नाही, पण मला एफोर रस्त्यानेच जायचंय. कोणाकडे एम मापाचे, थंडीचे हातमोजे पडलेत का?

---

प्रेषक: रीडिंगचे कोल्हापूरकर काका

हातमोजे आहेत, आरतीला आलास की घेऊन जा. १२५ बघायला जाशील तेव्हा मला सांग, मल्टीमीटर घेऊन येतो. मालकाला आधीच बजावून ठेव की आम्ही येईपर्यंत गाडी गरम करायची नाही. थंड इंजिन चालू कसं होतं तेच बघायचं असतं.

आणि त्या जीएसवाल्याचा नंबर मला वेगळ्या मेलने पाठव. इथे नको, आमच्या घरीही ही यादी वाचतात.