मदत हवी आहे: शिकारीच्या धनुष्याला एका पिनची साईट घ्यावी की पाच पिनांची?

नमस्कार मंडळी,

आधीच सांगून ठेवतो, गोव्यात कुठल्याही जनावरावर बाण सोडायचा नाहीये. तेव्हा तसले प्रतिसाद कृपया नकोत.

माझा आतेभाऊ पेन्सिल्व्हेनियात असतो. तिथे ऑक्टोबरच्या सुरुवातीला धनुष्याने हरणं मारायचा हंगाम सुरू होतो, रीतसर परवान्यावर. यंदा चवथ आटोपली की आम्ही उभयता त्याच्याकडे जातोय आणि त्याने मला एक दिवस सोबत न्यायचं कबूल केलंय. परवान्याआधी त्यांचा सुरक्षा-प्रशिक्षणाचा कोर्स करावा लागतो, तो चालू आहे. अडलंय ते साईटवर, म्हणजे धनुष्यावर बसवायच्या नेम धरायच्या साधनावर.

माझ्याकडे कंपाउंड, म्हणजे टोकांना कप्प्या असलेलं धनुष्य आहे. ताण ६० पौंड, ड्रॉ (दोर ओढायची लांबी) २९ इंच, बाण ४०० ग्रेनचा (सुमारे २६ ग्रॅम), वेग सेकंदाला साधारण २७० फूट. सध्या त्यावर टार्गेटची साईट आहे, लांब दांड्याची, भिंगवाली. ५० मीटरवरच्या ८० सेंटीमीटर कागदासाठी ती झकास आहे. पण भिंगावर दव पडलं की समोर नुसतं दूध दिसतं, आणि तो दांडा फांद्यांत अडकणार हे सांगायला कुणी तज्ज्ञ नको.

भाऊ म्हणतो पाच पिनांची, म्हणजे प्रत्येक अंतराला नेमाचा वेगळा ठिपका असलेली घे: २०, ३०, ४०, ५०, ६० यार्ड, काही फिरवायला नको. इथले आमचे सर म्हणतात, एकच पिन आणि ती अंतराप्रमाणे वरखाली करायला बाजूला चाक असलेली घे, डोळ्यासमोर गर्दी नको. दोघंही आपापल्या जागी ठाम, आणि मी मध्ये.

भरीला चाळिशी. लांबचं स्वच्छ दिसतं, पण हाताच्या अंतरावरची पिन म्हणजे एक हिरवा फुगीर ठिपका. सराव करतो सावईवेऱ्याला मामाच्या कुळागरात. तिथे माडा-पोफळींच्या सावलीत जेमतेम तीस मीटर मिळतात, त्यापुढे खाली मळ्यात उतरावं लागतं.

कुणी दोन्ही वापरल्या असतील तर सांगा. "दोन्ही चांगल्या आहेत" हे मला माहीत आहे, ते सोडून सांगा.

प्रतिसाद: डिचोलीकर (सध्या न्यू जर्सी)

तुमचा भाऊ आणि तुमचे सर दोघंही बरोबर आहेत, फक्त ते वेगवेगळ्या खेळांबद्दल बोलतायत. सरांच्या डोक्यात कागद आहे. कागद हलत नाही, अंतर ठरलेलं, चाक फिरवायला वेळच वेळ. भावाच्या डोक्यात हरीण आहे. ते १८ यार्डावर येतं, थबकतं, कान टवकारतं, आणि तुम्ही धनुष्य ताणेपर्यंत ३३ वर जाऊन उभं राहतं. तेव्हा चाक फिरवायला हात कुठून आणणार? दोर उतरवा, फिरवा, परत ताणा. एवढी हालचाल तिथे कुणी खपवून घेत नाही.

पण म्हणून पाच पिना घ्या असं मी म्हणणार नाही. आधी भावाला एकच विचारा: त्याच्या मचाणावरून सगळ्यात लांबचा नेम किती यार्डांचा? पूर्वेकडच्या दाट रानात बहुतेक नेम ३० यार्डांच्या आतच बसतात. तसं असेल तर हा हिशोब बघा. तुमचा वेग २७० फूट, पीपमधून (दोरीतल्या बारीक भोकातून) बघताना नजर बाणाच्या साडेचार इंच वर धरली, आणि एकच पिन २५ यार्डांवर लावून ठेवली, तर १० ते २० यार्डांत बाण पिनेच्या एक-दोन इंच वर लागेल, ३० वर अडीच-तीन इंच खाली. पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या काळीज-फुफ्फुसाचा भाग आठ-दहा इंच रुंद असतो. म्हणजे ३० यार्डांपर्यंत चाकाला हात न लावता मधोमध धरा आणि सोडा. ३५ वर मात्र तोच बाण सहा-सात इंच खाली जातो. तिथे हा उपाय संपला. तिथे एकतर चाक फिरवा नाहीतर हरणाला जाऊ द्या.

आता पाच पिनांचा धोका. धडधडत्या छातीने माणूस पिना मोजत नाही, जी समोर येईल ती धरतो. २० यार्डांवरच्या हरणाला ३० ची पिन लावली तर बाण साडेतीन इंच वर जाईल, चालून जाईल. ४० ची लावली तर साडेसात-आठ इंच वर, म्हणजे पाठीवरून नाहीतर कण्याच्या वरच्या मांसात. जखमी जनावर रात्रभर शोधत फिरण्यापेक्षा वाईट काही नाही. माझ्या ओळखीचे बरेच जण पाचातल्या खालच्या दोन पिना (५० आणि ६० च्या) काढून टाकतात. तीन पुरतात.

प्रतिसाद: पेडण्याचा एक

सावईवेऱ्याला रानडुकरं नाचतात की हो कुळागरात. सुपारीची रोपं उपटतात. अमेरिकेला कशाला जाता, सरावाला घरचीच घ्या. 😀

धागाकर्ता

पेडणेकर, हसलो, पण तुमचा प्रतिसाद वाचून उद्या कुणी खरंच धनुष्य घेऊन बाहेर पडेल म्हणून लिहितो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ९ ने शिकारीला बंदी आहे. पिकाची नासाडी होते म्हणून आपल्या मनाने मारता येत नाही, त्याला अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. आणि त्या कायद्यात "हत्यार" या शब्दाच्या व्याख्येत धनुष्यबाण आहेच. मोले, म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, कुठल्याही अभयारण्यात ते लेखी परवानगीशिवाय नेता येत नाही. म्हणून गाडीच्या डिकीत धनुष्य असताना मी त्या बाजूला सहलीलाही वळत नाही. मामाच्या डुकरांसाठी कुंपण आहे, तेवढं बस.

डिचोलीकर, भावाला विचारलं. त्याचा सगळ्यात लांबचा नेम ३२ यार्डांचा, तोही झाडांमधल्या एकाच फटीतून. बाकी सगळे पंचवीसच्या आत. मचाण अठरा फुटांवर आहे, त्याचा कोन धरावा लागेल ना?

प्रतिसाद: डिचोलीकर (सध्या न्यू जर्सी)

अठरा फुटांचा बाऊ करू नका. खाली २० यार्डांवर, म्हणजे ६० फुटांवर हरीण असेल तर मचाणापासून तिरकं अंतर सुमारे ६२.६ फूट. फरक एका यार्डाचासुद्धा नाही. कोनाची खरी गोची उतारावर लांबचा नेम घेताना होते. मचाणावर महत्त्वाचं ते कमरेतून वाकणं. हात खाली सोडून नेम धरलात तर नांगरच बिघडतो आणि मग साईटला शिव्या. नांगर म्हणजे दोर गालाला टेकवायची ती जागा, नव्या वाचकांसाठी.

साईटचा थर्ड ॲक्सिस (वर-खाली नेम धरतानाही बुडबुडा खरा राहावा म्हणून करायची जुळणी) मात्र तपासून घ्या. सपाटीवर साईटवरच्या पातळीचा बुडबुडा मध्ये आहे म्हणून खाली वाकल्यावरही तो खरं सांगेल असं नाही. बऱ्याच स्वस्त साईटींना तो स्क्रूच नसतो.

प्रतिसाद: मडगावचा चष्मेवाला

मी बाण मारत नाही, पण हिरव्या फुगीर ठिपक्यावर बोलू शकतो. पिन पुसट आणि लांबचं स्वच्छ, ही चाळिशीच. वाचायचा चष्मा लावलात तर पिन टोकदार होईल आणि हरीण धुकट. पीपमध्ये बसणारी बारीक भिंगं मिळतात. तुम्हाला व्हेरिफायर हवा, तो पिन स्वच्छ करतो. क्लॅरिफायर वेगळा, तो पुढे भिंगवाली साईट असेल तेव्हा लक्ष्य स्वच्छ करायला असतो. नाव सारखं म्हणून भलताच मागवू नका. सगळ्यात कमी नंबरापासून सुरुवात करा.

आणखी एक. फक्त पिन फुगीर दिसते की तिला काटे फुटल्यासारखे दिसतात? काटे फुटत असतील तर ॲस्टिगमॅटिझम असू शकतो. मग पाच पिना म्हणजे पाच चांदण्या, एकमेकींत मिसळलेल्या. आधी डोळे तपासून घ्या, साईट नंतर.

धागाकर्ता

मडगावकर, काटेच फुटतात! हे मला कुणीच विचारलं नव्हतं. तपासणीची वेळ घेतली.

दरम्यान एका मित्राची पाच पिनांची साईट मागून आणली आणि कुळागरात लावून बघितली. संध्याकाळी पोफळींखाली प्रकाश झपाट्याने उतरतो, तिथे वरच्या दोन पिना दिसतात आणि खालच्या तीन एकमेकींत मिसळून एक रंगीत रेघ होते. तीच साईट दुपारी मळ्यात नेली तर उलटा प्रकार, पिना एवढ्या पेटतात की ठिपक्याभोवती कडं येतं. पिनांना उजेड पुरवणाऱ्या फायबरच्या गुंडाळीवर काळी चिकटपट्टी अर्धी लावली तेव्हा जरा शांत झाल्या. पावसात पीपच्या भोकात थेंब अडकतो, तो फुंकून काढायचा, याला दोन्ही साईटी सारख्याच.

पिनेच्या जाडीचंही कळलं. या साईटीला ०.०१९ इंचाच्या आहेत. २० यार्डांवर ती लक्ष्यावर अर्ध्या इंचापेक्षा कमी झाकते, ४० वर पाऊण इंचाच्या वर. ०.०१० ची घेतली तर झाकणार कमी, पण पहाटेच्या अंधारात माझ्या डोळ्यांना ती सापडायचीच नाही. भावाच्या राज्यात सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून नेम धरायला मुभा आहे, आणि म्हणे हरणं तेव्हाच येतात. तेव्हा ०.०१९ वर मी ठाम.

मन एका पिनेकडे झुकलंय. २५ वर लावायची आणि मचाणावर चाकाला हात लावायचा नाही. पुढे इथे फोमच्या जनावरांवर सराव करायचा तर चाक कामाला येईलच. पण कुणी म्हणालं की एका चाकावर दोन-तीन पिना असलेलीही साईट मिळते. ती घ्यावी का?

प्रतिसाद: म्हापशाचा जुना तिरंदाज

मिळते, चांगली असते, महागही असते. तुमच्या डोळ्यांना आणि ३२ यार्डांना तिची गरज नाही. ज्याला मोकळ्या माळावर ५०-६० यार्डांचे नेम घ्यायचेत त्याला ती. तुम्ही एकच पिन घ्या, खर्चातून उरलेले पैसे अंतर मोजायच्या दुर्बिणीला लावा. पिन कितीही चांगली असो, ३५ ला २५ समजलात तर काय होतं ते वर डिचोलीकरांनी सांगितलंच आहे.

घ्याल तेव्हा दोन गोष्टी हातात धरून बघा. चाक फिरवताना आवाज होतो का, आणि ते जागेवर आवळून ठेवायचा स्क्रू आहे का. कपड्याला घासून चाक आपोआप ३८ वर गेलं आणि तुम्हाला पत्ताच नाही, ही एक पिनवाल्यांची नेहमीची रड. धनुष्य हातात घेतलं की आधी आकडा बघायचा.

आता आपल्याकडची खास भानगड. आपल्या मैदानांवर रेषा मीटरच्या, साईटचा फिता (चाकावरची अंतराच्या आकड्यांची पट्टी) यार्डाचा. ३० मीटरच्या रेषेवर उभं राहून फित्यावर ३० लावलंत तर तुम्ही खरे ३२.८ यार्डांवर आहात, आणि बाण खाली लागला की दोष पिनेला. मळ्यात टेपने यार्ड मोजून खुंट्या ठोका. २० यार्ड म्हणजे १८.३ मीटर, ४० म्हणजे ३६.६. वीसवर आणि मळ्यातल्या सगळ्यात लांबच्या खुंटीवर पक्का नेम बसवा, मग त्या दोन खुणांना जुळणारा फिता साईटच्या डब्यातल्या फित्यांतून निवडा. लांबच्या खुंटीमागे मातीचा ढिगारा करा. चिऱ्याच्या गडग्याला बाण लागला की टोक नळीत शिरतं आणि नळीला बारीक चीर जाते. तो बाण पुन्हा दोरीला लावू नका. कार्बनची नळी सुटताना फुटली तर हातात घुसते.

धागाकर्ता

हे मीटर-यार्डाचं सोनं आहे. ठरलं मग, एक पिन, ०.०१९, स्क्रूवालं चाक. डोळ्यांचा रिपोर्ट आला की मागवतो.

प्रतिसाद: डिचोलीकर (सध्या न्यू जर्सी)

फिता चिकटवायची घाई करू नका. सरावाला तुमच्या बाणाचं टोक किती ग्रेनचं आहे आणि भाऊ तुम्हाला कुठलं ब्रॉडहेड (शिकारीचं पातीवालं टोक) देणार आहे? तो १२५ चं देत असेल आणि तुम्ही १०० वर फिता लावला असेल तर सगळं परत करावं लागेल. आणि वजन सारखं असलं तरी पातीवालं टोक साध्या टोकाच्याच जागी लागेल याची खात्री नसते. इथे पोचल्यावर निदान एक दुपार फोमवर त्याच टोकांनी मारून बघा. भावाला आजच विचारा.