बंद न होणारा दिवा : कोबाल्ट-६० आता निवृत्त करावे का?

साशंक :
निर्जंतुकीकरण आणि कर्करोगावरील उपचार यांसाठी वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूतून निघणाऱ्या भेदक गॅमा किरणांची भीती लोकांना वाटते ती बहुधा नको त्या ठिकाणी, असे माझे मत आहे. किरणांनी निर्जंतुक केलेली सुई किंवा प्रक्रिया केलेला मसाला स्वतःच किरणोत्सारी होतो, असा समज अजून टिकून आहे. प्रत्यक्षात कोबाल्ट-६० च्या किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट (किरणांची ऊर्जा मोजण्याचे एकक) असते आणि तेवढ्याने त्या वस्तूतील अणुकेंद्रे किरणोत्सारी बनत नाहीत. भ्यायचेच असेल तर किरणांच्या उगमाला भ्यावे. क्ष-किरणांचे यंत्र बटण दाबताच थांबते, कोबाल्टला मात्र बटणच नाही. १९८७ मध्ये ब्राझीलमधील गोयानिया येथे बंद पडलेल्या रुग्णालयात उपचाराचे एक जुने यंत्र तसेच राहून गेले, भंगारवाल्यांनी ते फोडले, आतली निळसर चमकणारी भुकटी कौतुकाने घरोघर वाटली गेली आणि चार माणसे दगावली. म्हणून जिथे यंत्राने काम भागते, तिथे कोबाल्टचा वापर टप्प्याटप्प्याने थांबवावा, असा माझा प्रस्ताव आहे.

कणाद :
उदाहरणच चुकले आहे. गोयानियात कोबाल्ट नव्हते, सीझियम-१३७ हे दुसरे किरणोत्सारी मूलद्रव्य होते आणि तेही पाण्यात विरघळणाऱ्या क्लोराइडच्या रूपात. कोबाल्ट हा धातू आहे. तो पोलादाच्या दुहेरी नळीत बंद असतो आणि काम नसताना खोल पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवलेला असतो. दुसरे असे की, कोबाल्टऐवजी वापरायच्या यंत्रातून निघणारे १० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे इलेक्ट्रॉन पाण्यात साधारण ५ सेंटीमीटरवर थांबतात, तर गॅमा किरण भरलेल्या खोक्यांच्या आरपार जातात. इलेक्ट्रॉनांपासून क्ष-किरण तयार करून खोली साधता येते हे खरे, परंतु त्या रूपांतरात बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. अखंड वीज गृहीत धरून मांडलेला प्रस्ताव वीज नसलेल्या ठिकाणी कसा टिकणार?

साशंक :
सीझियमची दुरुस्ती मान्य. पण धातू विरघळत नसला तरी वितळतो. मेक्सिकोतील सिउदाद हुआरेझ येथे १९८३ मध्ये उपचाराच्या यंत्रातील कोबाल्टचे हजारो बारीक दाणे भंगारात गेले, तिथून ओतशाळेत पोहोचले आणि त्यांच्या बांधकामाच्या सळया आणि टेबलांचे पाय झाले. हे उघडकीस आले ते पुढच्या जानेवारीत, तेही अमेरिकेतील लॉस अलामोस प्रयोगशाळेजवळून जाणाऱ्या एका मालमोटारीने तिथला किरणमापक वाजवला म्हणून. पाण्याच्या टाकीचेही तेच. एल साल्वादोरमधील केंद्रात १९८९ मध्ये कोबाल्टच्या नळ्या धरणारी चौकट टाकीत न उतरता वरच अडकली, कामगाराने सुरक्षायंत्रणा चुकवून दोन सोबत्यांसह आत जाऊन ती हाताने सोडवली आणि तिघांपैकी एकाचा पुढे मृत्यू झाला. यात चूक माणसाची होती, हे मी नाकारत नाही. मात्र यंत्र असते तर वीज तोडून आत जाता आले असते.

माजी तंत्रज्ञ :
मी बरीच वर्षे कर्करोगाच्या किरणोपचार विभागात काम केले आहे, म्हणून दोन्ही पक्षांना थोडे टोचणारे बोलतो. कोबाल्टचे अर्धायुष्य, म्हणजे शक्ती निम्मी होण्याचा काळ, ५.२७ वर्षे आहे, म्हणजे दरवर्षी सुमारे १२ टक्के शक्ती आपोआप कमी होते. नव्या उगमासमोर जो रुग्ण दोन मिनिटे पडून राहतो, त्यालाच पाच वर्षांनी चार मिनिटे लागतात. दुखणारी पाठ टेकवून निश्चल पडलेल्या माणसाला ती दोन मिनिटे फार मोठी वाटतात, आणि हे कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. कडेची पुसट छायाही रेषीय त्वरकापेक्षा (विजेवर किरण तयार करणाऱ्या उपचारयंत्रापेक्षा) जास्त, त्यामुळे शेजारच्या निरोगी ऊतींना झळ बसते. तरीही वीज गेली म्हणून आमचा उपचार आठवडाभर रखडला, असे कोबाल्टच्या काळात कधी झाले नाही. मेंदूच्या शस्त्रक्रियेत तर कोबाल्ट आजही मानाने वापरले जाते. स्वीडनचे मेंदू-शल्यचिकित्सक लार्स लेक्सेल यांनी १९६८ मध्ये सुरू केलेल्या गॅमा नाइफ या यंत्रामध्ये सुमारे २०० क्षीण किरणशलाका एकाच बिंदूवर येऊन मिळतात आणि कवटी उघडावी लागत नाही.

चिकित्सक :
अन्नाचा विषय पहिल्याच परिच्छेदात आटोपला, हे मला पटत नाही. किरणांनी ब-१ जीवनसत्त्व घटते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जिवाणू मेले तरी त्यांनी आधीच तयार केलेले विष तसेच राहते, त्यामुळे अस्वच्छतेवर पांघरूण घालण्याची सोय होते.

कणाद :
विषाचा मुद्दा बिनतोड आहे, किरणप्रक्रिया स्वच्छतेची जागा घेऊ शकत नाही. सुरक्षिततेचे मात्र वेगळे. १९८० मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसमितीने १० किलोग्रेपर्यंतची मात्रा (ग्रे हे शोषलेल्या किरण-ऊर्जेचे एकक, किलोग्रे म्हणजे हजार ग्रे) अन्नासाठी विषारी धोका निर्माण करत नाही, असा निष्कर्ष दिला. एवढ्या मात्रेने पाण्याचे तापमान जेमतेम २.४ अंशांनी वाढते. उलट संपूर्ण शरीरावर एकदम पडलेली ४-५ ग्रे मात्रा उपचार न मिळाल्यास निम्म्या माणसांचा जीव घेते, आणि त्या मात्रेने शरीर एका अंशाच्या हजाराव्या भागाइतकेच तापते. म्हणजे घात उष्णतेचा नसून पेशींतील डीएनए तुटण्याचा आहे. बटाट्याला मोड येऊ नयेत म्हणून ०.१५ किलोग्रेपर्यंतची मात्रा पुरते, कारण बटाट्याच्या डोळ्यातील विभाजन होणाऱ्या पेशी सर्वांत आधी हतबल होतात. ब-१ ची घट मान्य, पण ती शिजवण्यातही होते.

साशंक :
मग प्रस्ताव असा दुरुस्त करतो. मेंदूवरील उपचार आणि वीज बेभरवशाची असलेली ठिकाणे यांना सूट असावी. बाकीच्या ठिकाणी नवा कोबाल्ट उगम देताना, जुना परत नेण्याचा करार विक्रेत्याने त्याच दिवशी करावा. दहा अर्धायुष्ये म्हणजे सुमारे ५३ वर्षे झाल्यावर हजारावा भाग उरतो, आणि तोवर रुग्णालयाची मालकीच काय, नावही बदललेले असू शकते.

माजी तंत्रज्ञ :
कराराला माझा पाठिंबा आहे. परतीच्या वाहतुकीचा खर्च मात्र खरेदीच्या वेळीच बाजूला काढून ठेवण्याची अट त्यात घाला, कारण वापरलेला उगम पाठवायची वेळ येते तेव्हा त्या कामासाठी कोणत्याच खात्यात रक्कम नसते, असे मी स्वतः दोनदा पाहिले आहे.