सल्ला हवा आहे: प्यूब्लो लोकांची जुनी घरं, बरोबर आई आणि नऊ वर्षांचा मुलगा

शेवंती:
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेच्या न्यू मेक्सिकोत अल्बुकर्कीला उतरून पाच दिवस गाडीने फिरायचा, तिथल्या प्यूब्लो या मूळ रहिवाशांची जुनी घरं बघायचा बेत आहे. कड्यांच्या कपारीतल्या घरांचं मेसा व्हर्डे पार्क नक्की, बाकी काही ठरलेलं नाही. आई भारतातून आली आहे, वय ६८, गुडघे दुखतात, पण सपाटीवर तासभर आरामात चालते. लेक नऊ वर्षांचा, शिडी दिसली की चढलाच. चाको, बँडेलियर, कॅन्यन द शेय अशा इतर जागांची नावं वाचून गोंधळ उडालाय. दोघांनाही आवडेल असं काय बघू?

रानवाट:
मेसा व्हर्डेला दोन मुक्काम कराच. पार्कच्या दारातून आत शिरल्यावर कड्यांपर्यंत पोचायलाच पाऊण तासाचा घाट आहे, एका दिवसात नुसती दमणूक होते. क्लिफ पॅलेस हे कपारीतलं मोठं घर (सुमारे १५० खोल्या) आतून बघायचं तर रेंजरबरोबरच, म्हणजे पार्कच्या वाटाड्याबरोबरच, जावं लागतं. तिकिटं १४ दिवस आधी, तिथल्या वेळेनुसार सकाळी ८ वाजता रिक्रिएशन डॉट गव्ह या संकेतस्थळावर सुटतात आणि भराभर संपतात, त्यामुळे गजर लावून बसा. या सहली हंगामी असतात, ऑक्टोबरच्या तारखा आधीच बघून घ्या.

तुमच्या लेकासाठी तिथलंच दुसरं कपारीतलं घर, बाल्कनी हाउस: ३२ फुटी लाकडी शिडी आणि शेवटी १२ फूट लांबीचा बोगदा, तोही रांगत. आईंना मात्र दोन्हीकडे नेऊ नका. क्लिफ पॅलेसलाही ओबडधोबड पायऱ्या आहेत.

त्यांच्यासाठी मेसा टॉपचा, म्हणजे पठारावरचा, गाडीने करायचा ६ मैलांचा फेरा. गाडीतून उतरायचं, चार पावलं चालायचं, बघायचं. हा फेरा लोक टाळतात याचं मला फार वाईट वाटतं. आधी जमिनीत खणलेली खळग्यांची घरं, मग पठारावरची दगडी घरं, आणि सगळ्यात शेवटी कपारीतली. लोक इथे सातशे वर्षं राहिले, त्यातली कपारीत जेमतेम शेवटची शंभर. फोटोंत आपण तेवढीच बघतो.

खडकवासी:
रानवाट यांना अनुमोदन, पण चाको सोडू नका असं कळकळीने सांगेन. तिथली प्यूब्लो बोनितो ही एकच इमारत सहाशेहून जास्त खोल्यांची, चार मजल्यांपर्यंत चढलेली, इ.स. ८५० ते ११५० या काळात टप्प्याटप्प्याने बांधलेली. छपरांची लाकडं पन्नास-पन्नास मैलांवरच्या डोंगरांतून आणलेली. चाक नाही, बैल नाही, सगळं माणसांच्या खांद्यावर.

शेवटचे १३ मैल कच्चा रस्ता आहे. पाऊस पडून गेला असेल तर बेत रद्द करा, तिथला चिखल गाडी सोडत नाही. आत पेट्रोल नाही, जेवण नाही. डबा आणि भरपूर पाणी घेऊन जा.

तुळसवृंदावन:
शेवंतीताई, आईंसाठी अ‍ॅझ्टेक रुइन्स हे जुन्या प्यूब्लो घरांचे अवशेष! चाकोहून मेसा व्हर्डेला जाताना वाटेतच आहे. नाव चुकीचं पडलंय, मेक्सिकोतल्या अ‍ॅझ्टेक लोकांचा याच्याशी काही संबंध नाही. अर्ध्या मैलाची सोपी वाट आहे. भिंतीत हिरवट दगडांचा एक लांब पट्टा बसवलेला दिसतो, तो आईंना दाखवा. साडी विणताना काठ सोडावा तसा.

आणि तिथली मोठी किवा. किवा म्हणजे एकत्र जमण्याची, धार्मिक विधींची गोल, जमिनीत उतरलेली जागा. बहुतेक ठिकाणी छप्पर पडून नुसता खड्डा उरलाय. ही १९३४ मध्ये पुरातत्त्वज्ञ अर्ल मॉरिस यांनी पुन्हा उभी केली, त्यामुळे छपराखाली जाऊन बसता येतं. बाहेर उन्हाचा कडाका, आत एकदम गारवा.

एक विनंती. माझ्या मुलाने एकदा पायवाटेवरून काळ्या नक्षीचं पांढरं खापर उचललं होतं. रेंजरबाईंनी न रागावता त्याला ते जिथून उचललं बरोबर तिथेच ठेवायला लावलं. कायद्याने गुन्हा आहेच, पण खापर हललं की ते कुठलं, कधीचं हे सांगणारा धागाच तुटतो. लेकाला आधीच समजावून न्या.

शेवंती:
सगळ्यांचे मनापासून आभार! एक शंका: हे लोक ‘अचानक नाहीसे झाले’ असं वाचलं. लेकाला काय सांगू?

खडकवासी:
नाहीसे झाले नाहीत, हे त्याला आवर्जून सांगा. १२७६ ते १२९९ असा लांबलचक दुष्काळ झाडांच्या खोडांत दरवर्षी पडणाऱ्या वर्तुळांत नोंदलेला आहे. इतरही कारणं असतील, पण १३०० पर्यंत लोक दक्षिणेकडे सरकले. होपी, झुनी, अकोमा आणि रिओ ग्रांदे नदीकाठचे प्यूब्लो हे त्यांचेच वंशज, आजही तिथे नांदतात. जुन्या पुस्तकांतला या लोकांसाठीचा ‘अनासाझी’ हा शब्द नवाहो या वेगळ्या जमातीच्या भाषेतला. प्यूब्लो लोकांना तो रुचत नाही, तेव्हा ‘पूर्वज प्यूब्लो’ म्हणा.

शेवंती:
धागा वर काढतेय. परवा परतलो. आदल्या रात्री पाऊस झाल्यामुळे चाको राहिलं, पण बाकी सगळं तुम्ही सांगितलंत तसंच केलं. लेक बोगद्यातून दोनदा जायला तयार होता. आई संग्रहालयात मका दळायच्या दगडापाशी किती तरी वेळ उभी होती. मधोमध झिजून खोलगट झालेला दगड. म्हणाली, “आपल्या पाट्यासारखाच. हा एवढा झिजायला एकीचं आयुष्य पुरलं नसणार.”