सरसकट बंदीने कटकट मिटत नाही

चित्रं टाकायच्या संकेतस्थळावर नग्नतेवर सरसकट बंदी घातली की मॉडरेटरचं (म्हणजे आलेल्या चित्रांवर नजर ठेवणाऱ्याचं) काम सोपं होतं, असं इथल्या चर्चेत कुणीतरी म्हटलंय. मला नाही पटत. टम्बलर या ब्लॉगिंगच्या संकेतस्थळाने १७ डिसेंबर २०१८ पासून नेमकं हेच केलं. शिल्पं-चित्रांतली नग्नता चालेल, अशी सवलत नियमात होती; पण चाळणी दिली यंत्राच्या हाती आणि त्याने अगदी निरुपद्रवी चित्रांवरही ठपका ठेवला.

व्हिएन्नाच्या संग्रहालयातली विलेनडॉर्फची व्हीनस म्हणजे जेमतेम ११ सेंटिमीटरची, सुमारे ३० हजार वर्षं जुनी दगडी मूर्ती. तिचाही फोटो फेसबुकने काढला होता! नंतर चूक कबूल केली म्हणा.

त्यापेक्षा चित्रकारानेच 'प्रौढांसाठी' अशी खूण करावी. ती नसेल तेव्हाच मॉडरेटरने हात घालावा. लहान मुलांचं लैंगिक चित्रण मात्र कुठल्याही सबबीखाली नको, तिथे चर्चाच नाही.

आणि चित्र काढून टाकलंत, तर कोणत्या नियमाखाली ते सांगा की. 'मार्गदर्शक तत्त्वांचा भंग' एवढंच कळवल्यावर माणसाने सुधारायचं काय? अपील तरी यंत्राकडे नको. न्यूड स्टडी (नग्न देहाचं अभ्यासचित्र) म्हणजे काय हे ठाऊक असलेल्या माणसाने ते बघावं.