वृत्तपत्राच्या डेस्कवरून कंटेंट स्ट्रॅटेजीकडे: नेमकं काम काय असतं?

धायरीकर

नमस्कार मंडळी. मी एका मराठी दैनिकात उपसंपादक आहे. शहर पान, पुरवणी, मथळे, भाषांतर, पान लावणं, सगळं केलंय. मुलगी आता शाळेत जायला लागली आणि रात्रपाळी जमेनाशी झाली. परवा बाणेरच्या एका कंपनीची 'कंटेंट स्ट्रॅटेजिस्ट' या पदाची जाहिरात पाहिली. त्यात कंटेंट ऑडिट, टॅक्सॉनॉमी, गव्हर्नन्स, स्टेकहोल्डर असे शब्द आहेत. मैत्रीण म्हणते, ब्लॉग लिहायचे आणि इन्स्टाच्या पोस्टचं वेळापत्रक सांभाळायचं. भाऊ म्हणतो, हे सगळं एसईओच, म्हणजे गूगलच्या शोधात साइट वर आणायचं काम. मला दोन्ही पटत नाही, कारण जाहिरातीत 'लिहिणे' हे काम अगदी शेवटी दिलंय.

तर ही माणसं दिवसभर करतात काय? कोर्स लागतो का? आणि आयुष्यभर मराठीत काम केलेल्या माणसाचा तिथे निभाव लागेल का?

विमाननगरवाला

मी मार्केटिंगमध्ये आहे, म्हणून एवढंच सांगतो. आमच्याकडे जे चालतं ते कंटेंट मार्केटिंग. गिऱ्हाईक आपल्याकडे यावं म्हणून लेख, व्हिडिओ, ईमेल. स्ट्रॅटेजीचा आवाका त्याहून मोठा आहे. अर्जातल्या सूचना, पैसे अडकले की दिसणारा मेसेज, मदतीची पानं, एसएमएस, सगळा मजकूर त्यात येतो. पण बऱ्याच एजन्सी सोशल मीडियाच्या कामालाही हेच नाव देतात. मुलाखतीत विचारा, 'पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून काय हवंय?' उत्तरात 'आठवड्याला इतक्या पोस्ट' आलं, तर काम कुठलं ते कळेल.

डहाणूकर कॉलनी

धायरीकर ताई, मीसुद्धा डेस्कवरूनच इकडे आले, त्यामुळे सविस्तर लिहिते.

व्याख्या नंतर, आधी एक काम सांगते. शहरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबचं काम आमच्याकडे आलं. शाखा बऱ्याच, वेबसाइट जुनी. त्यांची मागणी साधी होती: नवी साइट होतेय, मजकूर नव्याने लिहून द्या. मी लिहायला घेतलं नाही. आधी होता तेवढा सगळा मजकूर एका शीटमध्ये उतरवला. एका पानाला एक ओळ. रकाने असे: पानाचा पत्ता, शीर्षक, कोणासाठी आहे, शेवटचा बदल कधी, माहिती बरोबर आहे का, ठेवायचं की बदलायचं की काढायचं, आणि या पानाचा धनी कोण. नुसती यादी म्हणजे इन्व्हेंटरी. त्यावर बरंवाईट ठरवलं की ऑडिट. काम कंटाळवाणं वाटेल, पण मला त्यातच सगळं सापडतं.

त्या शीटमध्ये काय निघालं बघा. उपाशीपोटी साखर तपासायला किती तास काही खायचं नाही? तपासणीच्या पानावर ८ तास. प्रश्नोत्तरांच्या पानावर १२. काउंटरवरच्या छापील पत्रकात १०. बुकिंग केल्यावर येणाऱ्या एसएमएसमध्ये काहीच नाही. एचबीए१सी ही तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, तिला उपाशी राहावं लागत नाही. पण कोणीतरी आधीच्या पानावरून मजकूर उचलला असणार, म्हणून तिथेही 'उपाशीपोटी यावे'. म्हणजे मधुमेहाची औषधं घेणारी, सत्तरीची माणसं सकाळी विनाकारण रिकाम्या पोटी रिक्षाने येत होती. अशा माणसाची साखर एकदम उतरू शकते. मजकुरातली विसंगती म्हणजे दिसण्याचा प्रश्न आहे असं ज्यांना वाटतं, त्यांना मी हे उदाहरण आवर्जून देते.

मग एका सकाळी सातला जाऊन काउंटरच्या मागे बसले. फोन वाजत होते आणि विचारणा त्याच त्या: चहा चालेल का? पाणी चालेल का? बीपीची गोळी घेऊन येऊ का? या तिन्हींची उत्तरं साइटवर कुठेही नव्हती. पहिल्या पानावर होतं 'अत्याधुनिक तंत्रज्ञान आणि विश्वासार्ह सेवेची परंपरा'. ते वाक्य मी काढायला लावलं. लोकांना घरून निघण्याआधी जे हवंय, ते त्या जागी आलं.

पुढचा भाग खरा अवघड. किती तास हे मी ठरवू शकत नाही, मार्केटिंगवालेही नाहीत. ते त्यांच्या पॅथॉलॉजिस्टनेच ठरवायचं. त्यांनी साखरेसाठी किमान ८ तास नक्की केले, साधं पाणी चालेल म्हणाल्या, आणि गोळ्यांबाबत 'तुमच्या डॉक्टरांना विचारून या' असं ठरलं. मग प्रत्येक तपासणीसाठी एकच नोंद केली: लोक तिला काय म्हणतात, उपाशी राहायचं का, किती तास, पाणी, नमुना कशाचा, रिपोर्ट कधी, माहितीला जबाबदार कोण, पुन्हा कधी तपासायची. साइट, एसएमएस आणि काउंटरचं पत्रक, तिन्हीकडे मजकूर त्याच नोंदीतून जातो. एका जागी बदललं की सगळीकडे बदलतं. अमेरिकेतल्या एनपीआर या रेडिओ संस्थेने २००९ च्या सुमाराला हीच पद्धत 'एकदा तयार करा, सगळीकडे प्रसिद्ध करा' अशा नावाने मांडली होती. जाहिरातीतलं 'गव्हर्नन्स' म्हणजे ते शेवटचे दोन रकाने. कोणाच्या सहीने बदल होणार आणि कधी तपासणार. या रकान्यात विभागाचं नाव मी चालवून घेत नाही, माणसाचं पद हवं. 'ग्राहक सेवा विभाग' असं लिहिलं की सहा महिन्यांनी कोणीच बघत नाही. भांडण झालं तरी चालेल, पण हे ठरल्याशिवाय मी लिहायला बसत नाही.

टॅक्सॉनॉमी म्हणजे वर्गवारी. लॅबने तपासण्या स्वतःच्या विभागांप्रमाणे लावल्या होत्या: बायोकेमिस्ट्री, हिमॅटॉलॉजी वगैरे. घरचा माणूस शोधतो शुगर, थायरॉईड, ताप, लग्नाआधीच्या तपासण्या. डेस्कवर बातमी कोणत्या पानावर जाईल हे तुम्ही रोज ठरवता ना? तीच बुद्धी इथे लागते.

थोडा इतिहास. हे नाव आधीपासून होतं, पण २००८-०९ च्या सुमारास क्रिस्टिना हॅल्व्होर्सन यांच्या लेखनाने ते वेगळं काम म्हणून लोकांच्या ध्यानात आलं. मजकूर कोणता, त्याची रचना कशी, तो कोणाच्या हातून कसा सरकतो आणि निर्णय कोणाचे, असे चार भाग त्यांच्या मांडणीत आहेत. माझ्या मते शेवटचे दोन जमले की पहिले दोन सोपे होतात. दुसरं अभ्यासण्यासारखं उदाहरण ब्रिटन सरकारचं. ऑक्टोबर २०१२ मध्ये त्यांनी दोन मोठ्या सरकारी साइट बंद करून जीओव्ही डॉट यूके सुरू केली आणि नंतर खात्यांच्या साइटही तिथे आणल्या. पान लिहायच्या आधी 'हे कोणाला, कशासाठी हवंय' याचं उत्तर द्यावं लागतं. ९ वर्षांच्या मुलाला वाचता येईल इतकं सोपं लिहा, असं त्यांचं मार्गदर्शन आहे. त्यांची लेखन-नियमावली सगळ्यांना मोफत वाचता येते. कोर्सचे पैसे भरण्याआधी ती वाचून काढा.

एसईओ यात येतं, कारण लोक काय शोधून साइटवर येतात ते गूगलच्या सर्च कन्सोल या साधनात दिसतं. पण एसईओ तुम्हाला हे सांगणार नाही की ८ आणि १२ पैकी खरं कोणतं.

पाषाणकर

वरच्या प्रतिसादाला माझी जोड. मी तंत्रलेखक आहे, सॉफ्टवेअरच्या मदतपुस्तिका लिहितो. 'एकदा लिहा, अनेक ठिकाणी वापरा' हे आमच्याकडेही चालतं. त्यासाठीचं डिटा हे मानक २००५ चं आहे.

मराठीबद्दल विचारलंत म्हणून सांगतो. मराठी मजकुराचं ऑडिट करताना एक जास्तीचा रकाना ठेवा: युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकाला देवनागरी म्हणून ओळखता येणारी अक्षरं, आहे का? डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये केलेली पीडीएफ डोळ्यांना छान मराठी दिसते. पण आत साठवलेली अक्षरं देवनागरी नसतात, त्या जागी भलतीच चिन्हं असतात. कॉपी करून पेस्ट केली की गिचमिड. गूगलला ती सापडत नाही आणि अंध व्यक्तीचा स्क्रीन रीडर ती वाचू शकत नाही. स्कॅन केलेल्या कागदाचंही तेच. संस्थेला वाटतं माहिती दिलीय, पण शोधणाऱ्याच्या दृष्टीने ती तिथे नसतेच. कन्व्हर्टरने बदलता येते, पण रफार, अर्धा र आणि जोडाक्षरं हमखास घसरतात. 'वर्ष' आणि 'कार्यालय' असे शब्द एकेक करून बघावे लागतात. हे पटकन पकडणारा डोळा वृत्तपत्राच्या डेस्कवरच तयार होतो. त्यामुळे निभाव लागेल का, ही शंका मनातून काढून टाका.

धायरीकर

खूप आभार. साखर तपासणीचं उदाहरण वाचून वडिलांची आठवण झाली, तेही असेच उपाशी जातात. दोन गोष्टी विचारते. माझ्याकडे दाखवायला फक्त कात्रणं आहेत, त्यांनी भागेल का? आणि आता एआय सगळं लिहून देतं म्हणतात, मग हे काम राहणार का?

डहाणूकर कॉलनी

आधी एआय. त्याच लॅबला आता व्हॉट्सअ‍ॅपवर चॅटबॉट हवाय. त्याला जो मजकूर द्याल, त्यातून तो उत्तर देणार. मजकुरात ८ आणि १२ दोन्ही असतील, तर एकाला आठ सांगेल, दुसऱ्याला बारा, आणि दोघांना तितक्याच खात्रीने. लिहिण्याचं काम कमी होतंय, हे खरं आहे. खरं काय ते ठरवून घेणं, जुनं काढणं आणि जबाबदार माणूस नेमणं हे काम मात्र वाढलंय. तुम्ही नुसतं लेखन विकायला जाऊ नका.

कात्रणांनी भागणार नाही, पण त्यासाठी नोकरी सोडायचीही गरज नाही. ओळखीच्या एखाद्या संस्थेची साइट घ्या, चाळीस-पन्नास पानांची. वाचनालय, शाळा, ट्रेकिंगचा ग्रुप, काहीही. स्क्रीमिंग फ्रॉग नावाचं सॉफ्टवेअर ५०० पत्त्यांपर्यंत फुकट चालतं, ते पानांची यादी काढून देतं. पुढचे रकाने हाताने भरा. पाषाणकरांनी सांगितलेला युनिकोडचा रकानाही घ्या. मग घरातल्या ज्येष्ठ माणसाच्या हातात फोन देऊन एक गोष्ट शोधायला सांगा, उदाहरणार्थ, 'वाचनालयाची वर्गणी किती आणि कुठे भरायची?' तुम्ही मध्ये बोलू नका. ते कुठे अडले, कोणत्या शब्दावर थांबले, कुठे कंटाळून 'फोनच करतो' म्हणाले, तेवढं टिपून ठेवा. सगळ्यात शेवटी एका पानाचं टिपण: काय काढावं, काय एकत्र करावं, कशाला धनी नाही. आणि एक पान आधी कसं होतं, नंतर कसं केलं, ते शेजारी ठेवून दाखवा. माझ्याकडे मुलाखतीला कोणी असं टिपण घेऊन आलं, तर मी पदवी बघत बसत नाही.

बाणेरच्या त्या कंपनीला एक प्रश्न जरूर विचारा: साइटवर चुकीची माहिती आढळली, तर ती कोण बदलतं आणि किती दिवसांत? उत्तर देताना सगळे एकमेकांकडे बघू लागले, तर तिथे तुमची गरज आहे. मात्र रुजू होण्याआधी तुम्हाला बदल करायचे अधिकार देणार का, ते ईमेलवर लिहून घ्या.

शीटच्या पहिल्या वीस ओळी झाल्या की इथेच टाका. मी बघते.

धायरीकर

आमच्या भागातल्या वाचनालयाचीच साइट घेते. आत्ता सहज पाहिलं, तर वर्गणी दोन पानांवर वेगवेगळी आहे आणि नियमावली स्कॅन केलेली. रविवारी बसते, बाबांच्या हातात फोनही देते.