वुडहाऊसची सालटी काढणारा कॅसांड्रा

बी-302: लायब्ररीच्या कपाटातलं वुडहाऊस कोणी नेलंय?

सी-104: मी नेलंय काका, उद्या देते. पण या इंग्रज विनोदी लेखकाला दुसऱ्या महायुद्धात देशद्रोही म्हणाले होते म्हणे?? इतका निरागस लिहिणारा माणूस!

बी-302: हो ना. जर्मनांनी पकडून ठेवलेलं, सुटल्यावर 1941 ला बर्लिन रेडिओवरून पाच भाषणं केली, कैदेतल्या गमतीजमती वगैरे, आणि इकडे लंडन बॉम्बमधून जेमतेम सावरतंय, लोक भडकणारच. त्यात डेली मिरर या ब्रिटिश पेपरचा विल्यम कॉनर, कॅसांड्रा नावाने कॉलम लिहायचा, त्याला माहितीमंत्री डफ कूपरने बीबीसीवर बोलायला बसवलं. बीबीसीवाले नको नको म्हणत होते. गड्याने पार सालटी काढली

ए-501: म्हणजे सरकारी पोपटच की

बी-302: छे हो! पुढच्याच वर्षी सरकार त्याच्याच पेपरला टाळं लावायला निघालेलं. झेक नावाच्या व्यंगचित्रकाराचं चित्र होतं, जहाज बुडालंय, खलाशी एकटाच समुद्रात फळकुटावर पडलाय, आणि खाली ओळ की पेट्रोल एक पेनीने महागलं. ती ओळ कॉनरची. खलाशी मरतायत ते तेलवाल्यांच्या नफ्यासाठी, असा अर्थ सरकारने काढला, चर्चिल जाम खवळला. मग हे महाशय सरळ सैन्यात गेले, 1946 ला परत आले आणि कॉलमची सुरुवात काय, तर मला मध्येच तोडलंत तेव्हा मी म्हणत होतो की...

सी-104: हाहाहा भारीच

ए-501: पण लिबराचीचं काय? त्या अमेरिकन पियानोवाल्यावर कॉनरने 1956 ला विशेषणांची नुसती माळ लावली, त्यात 'फळाच्या स्वादाचा' असा एक शब्द, इंग्रजी बोलीत 'फ्रूट' म्हणजे समलिंगी, त्याचा टोमणा. तेव्हा तिकडे तो गुन्हा होता, सरळ जेल. 1959 ला मिरर केस हरला, 8,000 पौंड नुकसानभरपाई

सी-104: पण तो होताच ना तसा

ए-501: होता. कोर्टात शपथेवर नाही म्हणाला, बिचारा दुसरं करणार काय

बी-302: हे वाईटच, मान्य. पण त्याच माणसाने 1955 ला रूथ एलिसला, ब्रिटनमध्ये फाशी गेलेली शेवटची बाई, फाशी दिली त्या दिवशी लिहिलेलं वाचा, गवत कापायला छान दिवस, मासे धरायला छान, आणि तुम्हाला तसं वाटत असेल तर फाशीलाही छान. मी दोनदा वाचलं, चहा गार झाला

सी-104: आणि वुडहाऊसचं पुढे?

बी-302: युद्धानंतर तो आणि कॉनर एकत्र जेवले, चक्क मैत्री झाली!

सी-104: मी नसते गेले हं जेवायला. पुस्तक सकाळी वॉचमनकडे ठेवते